सव्वाआठ

पालिकेच्या फळ्यावर आज चार सूचना आहेत.
ओला कचरा रोज, सुका मंगळवारी नि शुक्रवारी.
घरपट्टी तीस तारखेच्या आत भरल्यास सूट.
व्हाळशीकडची टाकी धुणार, गुरुवारी नळ कोरडे.
चौथी माझ्या अक्षरात, म्हणून जरा तिरकी:
बाग रात्री सव्वाआठला बंद होईल.

परवापर्यंत तिथे नुसते आठ होते.

एकोणीस वर्षं डिचोलीच्या बागेची किल्ली
माझ्या कमरेला आहे.
घसरगुंड्या दोन, झोके चार, पैकी एक फक्त साखळी.
कारंजं एक. त्याचं उद्घाटन दोनदा झालं,
पाणी एकदाच आलं.
आठला शिट्टी फुंकायची, मग खटका ओढायचा,
की बाकड्यावरची माणसं
आपापल्या घरची होतात.

या बायांचा बाजारच उठतो साडेसातला.
टोपल्या पालथ्या घालून, ताडपत्र्या दुमडून,
सोपोची पावती पदराच्या गाठीत बांधून
त्या यायच्या आठाला दहा कमी असताना.
शेवंतीबाय पळ, तिच्या हाताला अळूची खाज.
दुर्गी गांवस. काकणवाली खैरून.
आणि सुक्या बांगड्यांची एस्परांसा,
जी चपला काढून आधी गवताला पाय लावून बघते,
समुद्राला बघावा तसा.

चवथीच्या आधी फुगडीची स्पर्धा आहे.
ठेवलीय पालिकेनंच. पहिलं बक्षीस मिक्सर.
सराव करायचा बागेत,
आणि बाग बंद करायची पालिकेनंच.

पहिल्या दिवशी मी शिट्टी फुंकली.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवसापासून
माझं घड्याळ मागं पडू लागलं.

मग समोरच्या इमारतीतून तक्रार आली,
दुसरा मजला, आंगले, निवृत्त, अक्षर मोत्यासारखं:
गोंगाट, आणि करदात्यांची वीज.
मला खुलासा मागितला.
रजेचा अर्ज सोडला तर
मी कधी काही लिहिलं नव्हतं.
विषय: फुगडी, असं लिहिलं.
खोडलं. विषय: दिवे.
अर्धा तास वाढवून मिळावा, ही विनंती.

सभेत तो अकरावा विषय होता,
गटार आणि बसस्थानकाच्या नंतर.
मी दाराशी उभा, चहाच्या ट्रेच्या मागे.
एकानं विचारलं, उद्या सगळेच मागतील, मग?
एकानं विचारलं, फुगडी संस्कृतीत येते की क्रीडेत?
अभियंत्यानं हिशेब केला:
सहा दिवे, अर्धा तास,
रोजचा खर्च एक रुपया, फार तर.
त्या रुपयावर पाऊण तास चर्चा झाली,
सभागृहात तीन एसी चालू होते.
शेवटी अर्ध्याचं अर्धं मंजूर झालं,
एकमतानं.

“पंधरा मिनिटं?” शेवंतीबाय म्हणाली,
“दोन फुगड्या नि एक भांडण
होतं तेवढ्यात.”
आणि झालंही.
कोण कुणाच्या पायावर पडलं यावरून भांडण,
मग हसणं, मग खैरूननं काकणं काढून
माझ्या हातात दिली, फुटतील म्हणून.
मी ती शिट्टीच्या दोरीत ओवून धरली.

सव्वाआठ वाजले.
हुकूम तो हुकूम. खटका ओढला.
काळोखात त्या थांबतील असं मला वाटलं,
पण गिरक्या घेणाऱ्याला
दिवा मुळात दिसतच नसावा.
वर दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत उजेड पडला,
त्याचा एक तुकडा गवतावर.
आंगले आता ओरडणार, मी वर बघत राहिलो.
ओरडले नाहीत. दिवाही मालवला नाही.
बहुतेक चष्मा शोधत असतील.

मी शिट्टी तोंडाला लावली.
फुंकलीही असेन.
पण चौघींच्या फू, फू, फू मध्ये
माझी फुंकर कुठली,
ते मलाच कळलं नाही.